आवरलेला हात

गुडघ्याच्या वाटीच्या जरा खाली रबरी हातोडीचा हलका ठोका पडतो आणि टेबलावरून लोंबणारा पाय पुढे उडतो. ज्याचा पाय असतो तो बहुतेक वेळा हसतो. त्या हसण्यात नवल असतं आणि थोडा संकोचही, कारण स्वतःचाच अवयव स्वतःला न विचारता हलला, आणि तोही डॉक्टरांच्या देखत. पाय उडवायचा नाही असं ठरवून बसलेल्या माणसाचाही पाय उडतो. उलट त्याचं लक्ष दुसरीकडे वेधलं, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ती जोरात ओढायला सांगितली, तर तो आणखी उंच उडतो. एर्नो येंद्रासिक या हंगेरियन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुचवलेली ही युक्ती आजही तपासणीच्या खोल्यांतून वापरली जाते.

१८७५ मध्ये हायडेलबर्गचे विल्हेल्म एर्ब आणि बर्लिनचे कार्ल वेस्टफाल यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे या उडीचं वर्णन केलं. दोघांचे लेख एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात छापून आले. वेस्टफाल यांच्या मते हा स्नायूचाच अंगचा गुण होता. एर्ब यांच्या मते संदेश पाठीच्या कण्यात जाऊन परत येत होता. एर्ब यांचं म्हणणं खरं निघालं. ठोक्यानं वाटीखालची कंडरा दबते, मांडीच्या पुढच्या स्नायूला क्षणभर ओढ बसते. त्या स्नायूत दोन्ही टोकांना निमुळती, सूक्ष्म संवेदी इंद्रियं दडलेली असतात. ताण ओळखणं एवढंच त्यांचं काम. तिथून निघालेला संदेश शरीरातल्या सर्वांत वेगवान मज्जातंतूंवरून कमरेच्या भागातल्या मेरुरज्जूत पोचतो, एकच संपर्कस्थान ओलांडतो आणि प्रेरक चेतापेशीवरून त्याच स्नायूत परततो. ठोक्यापासून स्नायू जागा होईपर्यंत साधारण २० मिलिसेकंद जातात. डोळ्याची पापणी मिटायलाही याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. मेंदूला या घटनेची वर्दी पोचते खरी, पण ती घडून गेल्यावर.

दवाखान्यात हा खेळ वाटत असला, तरी शरीराला त्याचं काम दिवसभर असतं. उभा असलेला माणूस कधीच पूर्ण स्थिर नसतो. तो किंचित पुढे झुकतो, पोटऱ्या ताणल्या जातात, ताणामुळे आवळल्या जातात, आणि तो मागे येतो. बसथांब्यावर तासभर ताटकळणाऱ्याच्या डोक्यात घरचे हिशेब चाललेले असतात. त्याला उभं ठेवण्याचं काम असल्या अगणित, अतिशय लहान ठोक्यांवर चाललेलं असतं.

गुडघ्याच्या त्या उडीत आणखी एक गोष्ट घडते, आणि ती दिसत नाही. मांडीचा पुढचा स्नायू आवळतो त्याच क्षणी मागचा स्नायू सैल सोडला जातो. आत आलेला संवेदी तंतू मेरुरज्जूत फाटे फोडतो. एक फाटा पुढच्या स्नायूला चेतवतो, दुसरा एका मधल्या चेतापेशीला जागं करतो, आणि ही मधली पेशी मागच्या स्नायूच्या प्रेरक पेशीला गप्प बसवते. तसं झालं नाही तर दोन्ही स्नायू एकमेकांविरुद्ध ओढतील आणि पाय जागच्या जागी ताठ होईल. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञांनी या परस्पर संयमाचा अभ्यास करण्यात आयुष्याची कित्येक वर्षं घालवली. चेतापेशींच्या संपर्कस्थानाला ‘सिनॅप्स’ हे नाव त्यांनीच रूढ केलं. १९३२ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना व्याख्यानासाठी त्यांनी विषय निवडला तोही हाच : हालचालींत मेळ आणणारी, रोखून धरणारी शक्ती. शरीरावरची हुकमत म्हटलं की आज्ञा आठवते. शेरिंग्टन यांना दिसलं ते असं, की शरीरात आज्ञा देणारे पुष्कळ आहेत आणि हालचालीला रूप येतं ते आवरणाऱ्यांमुळे.

हे आवरणारे उठून गेले तर काय होतं, ते कोकणातल्या काजऱ्याच्या झाडाला ठाऊक आहे. नारिंगी रंगाचं देखणं फळ, आत बटणासारख्या चपट्या, अतिशय कडू बिया. शुद्ध करून आयुर्वेदात कुचला म्हणून वापरल्या जाणाऱ्या याच बियांत स्ट्रिकनीन असतं. मेरुरज्जूतल्या संयमी पेशी ज्या रसायनातून बोलतात, ते ग्लायसीन स्ट्रिकनीन ऐकूच येऊ देत नाही. मग बारीकसा आवाज, अंगावरून गेलेली वाऱ्याची झुळूकही पुरते. सगळे स्नायू एकदम आवळतात, आणि शुद्ध मात्र शाबूत राहते. धनुर्वाताचं विष वेगळ्या वाटेनं तिथेच पोचतं. जखमेत वाढणाऱ्या जंतूंचं हे विष प्रेरक तंतूंतून उलट चढत मेरुरज्जूत जातं आणि संयमी पेशींचं रसायन बाहेर पडूच देत नाही. जबडा मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा बलवान, म्हणून आधी दातखीळ बसते. पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंपेक्षा बलवान, म्हणून पुढे शरीर मागच्या बाजूला वाकतं. या रोग्याच्या अंगात बळ कमी पडत नाही. सगळं बळ एकाच वेळी मोकळं सुटतं आणि त्याचं करायचं काय हे सांगणारं कुणी उरत नाही.

मेरुरज्जूचं शहाणपण एका स्नायूपुरतं थांबत नाही. शेताच्या बांधावरून अनवाणी चालताना बाभळीचा काटा रुततो. पाय झटक्यात वर येतो. घोटा, गुडघा आणि खुबा तिन्ही एकदम दुमडतात. पण माणसाचा सगळा भार त्याच पायावर येत असेल तर? म्हणून दुसऱ्या पायाचे स्नायू त्याच वेळी ताठ होतात आणि शरीर तोलतात. वेदना या सगळ्याच्या मागून येते, आणि तीही दोन हप्त्यांत. आधी एक धारदार कळ, मग जरा वेळानं मंद, पसरत जाणारी ठसठस. वेगवेगळ्या जाडीच्या तंतूंवरून निघालेल्या या दोन बातम्या आहेत. बारीक तंतूवरची बातमी सेकंदाला जेमतेम एक मीटर सरकते, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या वेगानं. ‘आई गं’ तोंडून निघतं तेव्हा पाय केव्हाच सुखरूप झालेला असतो.

इतकं नेटकं वागणारा मेरुरज्जू स्वतः काही जाणतो का, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकात कडाक्याचं भांडण झालं. १८५३ मध्ये जर्मनीत एडुआर्ड फ्लूगर यांनी डोकं काढलेल्या बेडकाच्या कुशीवर आम्लाचा थेंब ठेवला. बेडकानं त्याच बाजूच्या मागच्या पायानं तो पुसला. तो पाय कापला, तेव्हा उरलेल्या थोट्यानं काही वेळ धडपड झाली आणि मग दुसरा पाय तिकडे वळला. अडचण आली आणि उपाय बदलला, एवढं पाहून फ्लूगर म्हणाले की जाणीव मेरुरज्जूतही आहे. तत्त्वज्ञ हेर्मान लोत्से यांना ते पटलं नाही. त्यांच्या मते हे बेडकाच्या जिवंतपणीच्या सवयींचे उरलेले ठसे होते. वाद मिटला नाही, फक्त मागे पडला. एवढं मात्र राहिलं, की हेतू असल्यासारखी दिसणारी हालचाल हेतूवाचूनही होऊ शकते.

चालण्याचंही तसंच निघालं. शेरिंग्टन यांच्या लिव्हरपूलच्या प्रयोगशाळेत टॉमस ग्रॅहॅम ब्राउन यांनी १९११ मध्ये दाखवलं की मांजराचा मेरुरज्जू मेंदूपासून तोडला आणि पायांकडून येणारे संवेदी तंतूही कापले, तरी पायांचे स्नायू आळीपाळीनं, चालण्याच्या लयीत आवळत राहतात. मेरुरज्जूत दोन अर्धी केंद्रं आहेत, एक चालू असताना दुसऱ्याला दाबून ठेवतं आणि थकलं की दुसऱ्याला वाव देतं, अशी त्यांनी कल्पना मांडली. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं तिच्याकडे कुणी फारसं वळून पाहिलं नाही. ग्रॅहॅम ब्राउन स्वतः पुढे गिर्यारोहक म्हणून प्रसिद्ध झाले. माँ ब्लाँच्या ब्रेन्व्हा कड्यावर त्यांनी नव्या वाटा काढल्या. पाऊल टाकायला मेंदू लागत नाही हे दाखवणाऱ्या माणसानं बर्फाच्या उभ्या भिंतीवर प्रत्येक पाऊल निवडून टाकण्यात आयुष्यातले उत्तम उन्हाळे घालवले.

निवडणं सुरू होतं तिथे मेंदूचा हात दिसू लागतो. रिकाम्या पितळी भांड्याचा चटका बसला तर ते हातातून सुटतं. त्याच भांड्यात उकळता चहा असेल आणि समोर लहान मूल रांगत असेल, तर बोटं भाजत असतानाही ते ओट्यापर्यंत नेलं जातं. मेरुरज्जूतली वाट तीच, चटकाही तोच. वरून उतरणारे तंतू तिच्यावर दाब ठेवतात. इव्हान सेचेनोव्ह या रशियन शास्त्रज्ञांना १८६२ मध्ये पॅरिसमध्ये, क्लोद बेर्नार यांच्या प्रयोगशाळेत याचा पुरावा मिळाला. बेडकाचा पाय सौम्य आम्लात बुडवला की तो ठरावीक वेळात बाहेर ओढला जातो. मेंदूच्या मधल्या भागावर मिठाचा खडा ठेवला की त्याला उशीर होऊ लागतो. यावरून सेचेनोव्ह फार दूर गेले. विचार म्हणजे जिचा शेवटचा भाग, म्हणजे हालचाल, आवरून धरली आहे अशी प्रतिक्षिप्त क्रिया, असं त्यांनी पुढच्याच वर्षी लिहिलं. त्या लेखनाच्या शीर्षकावर झारच्या सेन्सॉरनं आक्षेप घेतला. माणूस म्हणजे बेडूक ठरेल ही त्याची भीती असावी. खरं तर सेचेनोव्ह माणसाला त्याच्या थांबण्यावरून ओळखत होते.

हे थांबणं कुणी जन्मतःच घेऊन येत नाही. तान्ह्या बाळाच्या तळहातावर बोट टेकवलं की ते मूठ घट्ट आवळतं, आणि पाहायला आलेली आजी म्हणते, ओळखतं हो मला. गालाला स्पर्श झाला की बाळ तोंड तिकडे वळवतं. डोक्याचा आधार क्षणभर सुटला की दोन्ही हात फाकून पुन्हा जवळ घेतं. तळपायाच्या कडेनं टोकदार वस्तू ओढली तर त्याचा अंगठा वर जातो. मोठ्या माणसाचा खाली वळतो. १८९६ मध्ये जोसेफ बाबिन्स्की यांनी पॅरिसमध्ये एका अगदी छोट्या टिपणात सांगितलं, की मेंदूकडून येणाऱ्या वाटेला इजा झालेल्या प्रौढांचाही अंगठा वर जातो. बाळाच्या मेंदूतून मेरुरज्जूकडे उतरणाऱ्या तंतूंवर मायलिनचं आवरण चढायला वेळ लागतो. ते चढत जातं तसतशा या जुन्या हालचाली एकेक करून दिसेनाशा होतात. मूठ साधारण सहा महिन्यांत मोकळी होते, म्हणून तर खुळखुळा हातात धरता येतो आणि सोडताही येतो. दिसेनाशा होतात, पण मरत नाहीत. पक्षाघातात, स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात त्या परत वर येतात. अंथरुणाला खिळलेला म्हातारा हातात आलेलं बोट सोडत नाही, तेव्हा भेटायला आलेल्यांना ती माया वाटते. ती नाहीच असं कुणी म्हणू नये. पण ती आवळलेली मूठ आयुष्यभर दबून राहिलेली, पहिल्या महिन्यांतली असते.

ऐच्छिक हालचालीची शेवटची आज्ञा प्रमस्तिष्काच्या एका पट्टीतून निघते. १८७० मध्ये बर्लिनमध्ये गुस्ताव फ्रिट्श आणि एडुआर्ड हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य वीज लावली आणि विरुद्ध बाजूचा पाय हलला. पुढे माँट्रिऑलला वाइल्डर पेनफिल्ड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णांच्या मेंदूवर हाच शोध घेतला. या पट्टीवर शरीराचा नकाशा आहे. त्यात धडाला चिमूटभर जागा, आणि हाताचा अंगठा, ओठ, जीभ यांना ऐसपैस. इथून निघणारे बहुतांश तंतू मस्तिष्कपुच्छाशी बाजू बदलतात, म्हणून उजवा हात डाव्या मेंदूच्या ताब्यात. पेनफिल्ड यांच्या विजेनं हात हले, तेव्हा रुग्ण सांगत की हे त्यांनी केलेलं नाही, डॉक्टरांनी केलं आहे. नकाशा होता, तंतू होते, स्नायू होते, हालचालही झाली होती. तिच्यात करणारा नव्हता.

करणारा कुठे असतो ते शोधत खाली उतरलं, तर मेंदूच्या गाभ्यातले चेतापेशींचे काही पुंजके लागतात आणि तिथे पुन्हा आवरणंच भेटतं. या पुंजक्यांतून बाहेर पडणारे तंतू हालचालीच्या वाटा एरवी सतत दाबून ठेवतात. धरणाचे दरवाजे बंदच असावेत आणि ज्या कालव्याची पाळी असेल तेवढाच उघडावा, तसं इथे एखाद्या हालचालीवरचा दाब तेवढ्यापुरता उठतो. उठवायला डोपामिन लागतं. ते कमी पडलं की कंपवात होतो. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये त्याचं वर्णन केलं. खुर्चीतून उठायचं असतं, पायांत बळ असतं, पण दार उघडत नाही. अशाच रोग्यासमोर जमिनीवर आडव्या पट्ट्या आखल्या तर तो एकेक पट्टी ओलांडत चालू लागतो. आतून न निघालेली परवानगी बाहेरून मिळते.

याचा उलगडा झाला त्यात भारतीय झाडापाल्याचा हात आहे. सर्पगंधेच्या मुळांतून मिळणारं रेझर्पिन दिलं की ससे निपचित पडतात. १९५७ च्या सुमारास स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी अशा सशांना एल-डोपा टोचलं आणि थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागले. शरीर त्यापासून डोपामिन बनवतं. हेच एल-डोपा खाजकुइलीच्या बियांत भरपूर असतं, आणि भारतातल्या संशोधकांनी ते १९३७ मध्येच वेगळं काढलं होतं. जिच्या शेंगांची लव अंगाला लागली की माणूस खाजवून हैराण होतो, त्या वेलीच्या बीमध्ये अडलेल्या पायांचं औषध होतं.

डोक्याच्या मागच्या बाजूला, सगळ्यांच्या खाली, अनुमस्तिष्क आहे. आकारानं लहान, पण मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी जवळजवळ ६९ अब्ज एकट्या त्याच्यात. त्याच्या पृष्ठभागावरून बाहेर संदेश नेणाऱ्या पेशी फक्त थांबवण्याचीच भाषा बोलतात, हे जपानच्या मासाओ इतो यांनी १९६० च्या दशकात दाखवलं. हालचाल किती पुढे जावी आणि कुठे थांबावी, ही तासणी इथे होते. पहिल्या महायुद्धात अनुमस्तिष्काला गोळी लागलेल्या सैनिकांना गॉर्डन होम्स यांनी तपासलं. नाकाला बोट लावायला सांगितलं की ते नाकापुढे जायचं, परत यायचं, हेलकावे खायचं. होम्स यांचा एक रुग्ण सांगे, की त्याचा चांगला हात आपोआप काम करतो, आणि दुखावलेल्या हाताची मात्र प्रत्येक हालचाल त्याला विचार करून करावी लागते. म्हणजे पूर्ण जाणीवपूर्वक केलेली हालचाल ही आजाऱ्याची हालचाल होती. निरोगी हात ताटातला घास न बघता तोंडात घालतो.

निकोलाय बर्नस्टाइन यांनी १९२० च्या दशकात मॉस्कोत कसबी लोहारांच्या हातांवर छोटे दिवे बांधून त्यांचे घण टिपले. घणाचं टोक दर वेळी ऐरणीवर नेमकं तिथेच पडत होतं, पण खांदा, कोपर, मनगट यांची वाट दर घावाला निराळी होती. खांदा थोडा चुकला तर मनगट ते सावरून घेत होतं. लोहाराच्या मेंदूनं हालचाल पाठ केलेली नव्हती. त्यानं शेवट पक्का धरला होता आणि मधलं सगळं सांध्यांवर सोपवलं होतं. तबल्यावर रियाज करून हात बसतो तेव्हा असंच काहीसं होत असावं. या सोपवण्यासाठी सांध्यांकडून आणि स्नायूंकडून अखंड बातमी लागते. १९७१ मध्ये १९ वर्षांच्या एका तरुणाची ही बातमी आजारपणात कायमची बंद पडली. त्याचे स्नायू धडधाकट होते, पण हातपाय कुठे आहेत हे त्याला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळेना. बघून बघून तो पुन्हा चालायला शिकला. दिवे गेले की तो कोसळत असे.

मग इच्छेकडे उरतं काय? १९८३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत बेंजामिन लिबेट यांनी लोकांना मनाला येईल तेव्हा मनगट हलवायला सांगितलं. हलवावंसं वाटल्याची जाणीव हालचालीच्या सुमारे ०.२ सेकंद आधी होत होती आणि मेंदूतली विद्युत तयारी त्याच्याही ०.३ सेकंदाहून अधिक आधी सुरू होत होती. त्या तयारीचा अर्थ काय, यावर अजून एकमत नाही. ती केवळ मेंदूतल्या चढउतारांची बेरीज असू शकते, असं २०१२ मध्ये दाखवलं गेलं. लिबेट यांना स्वतःला एका गोष्टीची खात्री वाटे. सुरू झालेली तयारी शेवटच्या क्षणी रद्द करता येते. बर्लिनमधल्या पुढच्या प्रयोगांत या रद्द करण्यालाही सीमा सापडली. हालचालीच्या आधीच्या साधारण ०.२ सेकंदांत शिरल्यावर हात हलतोच.

प्रतिक्षिप्त आणि ऐच्छिक या दोन्ही राज्यांची सरहद्द जिथे रोज ओलांडली जाते ती जागा म्हणजे श्वास. मस्तिष्कपुच्छातला एक लहानसा पेशीसमूह झोपेत, बेशुद्धीत, लहानपणापासून म्हातारपणापर्यंत श्वासाची लय चालवतो. त्याच स्नायूंवर प्रमस्तिष्काचीही सत्ता चालते, नाहीतर बोलणं, गाणं, शंख फुंकणं शक्य झालं नसतं. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि प्राणायामात शरीरात काय घडतं ते उपकरणांनी मोजायला घेतलं. पूरक आणि रेचक यांच्या मध्ये जो कुंभक, त्यात इच्छा मेंदूतल्या एका प्राचीन लयीला थांब म्हणते आणि ती थांबतेही. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, छातीत ओढ दाटते, सरावानं ती आणखी थोडा वेळ सोसता येते. पुढे एक क्षण असा येतो की श्वास आत येतोच. तेव्हा इच्छा हरली असं म्हणायचं, की जिनं तिला इतका वेळ मोकळीक दिली होती त्या जुन्या व्यवस्थेनं आपलं काम परत हाती घेतलं असं म्हणायचं, याचा निवाडा श्वास रोखून बसलेल्यालाही करता येत नाही.